फौजी लायसन्स ते आरटीओचं लायसन्स: पुण्यात बदलून आलेल्या आणि निवृत्त होणाऱ्या जवानांसाठी

पुण्यात फौज सगळीकडे आहे. कॅम्पात सदर्न कमांडचं मुख्यालय, खडकीत बॉम्बे सॅपर्स, दापोडीला सीएमई हे लष्करी अभियांत्रिकी कॉलेज, लोहगावला हवाई तळ, खडकवासल्याला एनडीए, शिवाय देहूरोडचा सगळा पसारा. दरवर्षी जवान इथे बदलून येतात आणि बरेचजण निवृत्तीनंतर इथेच घर करतात. त्यांतल्या कित्येकांनी बर्फातल्या घाटांत पंधरा-पंधरा वर्षं ट्रक चालवलेले असतात. तरीही स्वतःची स्कूटर घेऊन निघाल्यावर वाहतूक पोलिसाने अडवलं की खिशातलं मिलिटरी लायसन्स तिथे उपयोगी पडत नाही. दंड भरावा लागतो, आणि तो कायद्याने बरोबरच असतो.

याचा उलगडा मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये आहे. त्यातली तीन कलमं माहीत असली की पुढचं बहुतेक काम सोपं होतं. काउंटरवरच्या कारकुनाशी बोलतानाही हीच कलमं कामाला येतात.

तीन कलमं

कलम १८ प्रमाणे संरक्षण खात्याचा ठरवून दिलेला अधिकारी अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला लायसन्स देऊ शकतो. ते देशभर चालतं, पण फक्त केंद्र सरकारच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या आणि देशाच्या संरक्षणासाठी वापरात असलेल्या गाड्यांसाठी. याच कलमाचं तिसरं पोटकलम सांगतं की या लायसन्सवर दुसरी कुठलीही गाडी चालवता येणार नाही. बाणाची खूण असलेल्या नंबरप्लेटची गाडी चालवा, हरकत नाही. एमएच-१२ ची स्वतःची अल्टो चालवली की तुम्ही विनालायसन्स ठरता. दंड पाच हजार रुपये. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल आणि त्याने ती तुम्हाला चालवायला दिली असेल, तर त्या मालकालाही वेगळा पाच हजारांचा दंड होतो. खरी धास्ती अपघाताची आहे. चालकाकडे त्या वर्गाचं वैध लायसन्स नसेल तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारते, आणि जखमी माणसाला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करून घ्यायला कोर्टात जाते.

कलम ९ चं तिसरं पोटकलम तुमच्या फायद्याचं आहे. ज्या वर्गाच्या गाडीसाठी कलम १८ खालचं लायसन्स तुमच्याकडे आहे किंवा पूर्वी होतं, त्या वर्गासाठी आरटीओची ड्रायव्हिंग टेस्ट द्यायची गरज नाही. ‘पूर्वी होतं’ हे शब्द निवृत्तांसाठी मोलाचे आहेत. अट दोन गोष्टींची: तसा पुरावा दाखवायचा, आणि गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असं शारीरिक व्यंग नसावं.

कलम ६ प्रमाणे एका माणसाकडे एकाच वेळी दोन लायसन्स असू शकत नाहीत. मात्र कलम १८ चं मिलिटरी लायसन्स या बंधनातून वगळलेलं आहे. म्हणजे नोकरीत असतानाच आरटीओचं लायसन्स काढलं तर दोन्ही बिनधास्त जवळ ठेवा. चालत नाही ती दोन नागरी लायसन्स. जम्मूला पोस्टिंग असताना तिथल्या आरटीओतून एक काढलं, नंतर गावी सुट्टीवर आल्यावर साताऱ्यातून दुसरं काढलं, असं बऱ्याच जणांचं झालेलं असतं. आता सगळ्या नोंदी ‘सारथी’ या एकाच यंत्रणेत येत असल्याने ते उघडकीला येतं आणि अर्ज अडकतो. एक रीतसर सरेंडर करा, मग पुढचं काम करा.

युनिट सोडण्याआधी

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. लायसन्स बदलून घेण्याचा अर्ज अडतो तो बहुतेक वेळा पुण्याच्या आरटीओत नाही, तर मागे राहिलेल्या युनिटात. आरटीओ मिलिटरी लायसन्सची खातरजमा करण्यासाठी ते देणाऱ्या युनिटला पत्र पाठवू शकते. ते पत्र ५६ एपीओ किंवा ९९ एपीओच्या, म्हणजे फौजी पोस्ट ऑफिसच्या, पत्त्यावर जातं, युनिट दरम्यान हललेलं असतं, एमटीचा, म्हणजे युनिटच्या वाहन विभागाचा, कारकून बदललेला असतो, आणि तुमचं नाव तर नॉमिनल रोलवर, म्हणजे युनिटच्या नावांच्या यादीत, राहिलेलंच नसतं. डिस्चार्जनंतर हे प्रकरण महिनोन्‌महिने रेंगाळतं. नोकरीत असताना तेच काम एमटी ऑफिसात दोन चकरांत होतं.

एमटीओ साहेबांकडून (युनिटच्या वाहन अधिकाऱ्याकडून) युनिटच्या लेटरहेडवर एक प्रमाणपत्र घ्या. त्यात काय असावं, हे नीट पाहा:

तुमचा सैनिक क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव आणि जन्मतारीख. नाव आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. सर्व्हिस रेकॉर्डला फक्त ‘पाटील संजय’ आणि आधारला ‘संजय रामचंद्र पाटील’ असं असेल तर प्रमाणपत्रात दोन्ही लिहून ‘ही एकच व्यक्ती आहे’ असं वाक्य घालून घ्या. जन्मतारखेत फरक असेल तर मात्र हे वाक्य पुरत नाही. आधी आधार दुरुस्त करावं लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून ते सगळ्यांत आधी तपासा.

मिलिटरी लायसन्सचा क्रमांक, दिल्याची तारीख आणि मुदत. ते लायसन्स मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८ खाली दिलेलं आहे असं स्पष्ट वाक्य. हे वाक्य नसलं की काउंटरवर ‘हे कसलं लायसन्स?’ इथूनच सुरुवात होते.

गाडीचा वर्ग आरटीओच्या भाषेत. फौजेत आपण जिप्सी, अडीच टनी, स्टॅलियन अशा नावांनी किंवा टनांवरून बोलतो. आरटीओला हवं असतं ‘गिअरसह मोटरसायकल’, ‘एलएमव्ही’ (हलकं मोटार वाहन), ‘जड वाहन’. कायद्यात हलकं मालवाहू वाहन म्हणजे ढोबळ वजन ७५०० किलोपर्यंत, मध्यम म्हणजे ७५०० च्या वर आणि १२००० पर्यंत, त्याहून जास्त ते जड. प्रमाणपत्रात गाडीच्या नावापुढे ढोबळ वजन किलोत लिहून घेतलं तर कोणालाही अंदाज बांधावा लागत नाही. मोटरसायकल चालवायची परवानगी मिलिटरी लायसन्सवर असेल तर तीही न विसरता लिहून घ्या. ट्रकच्या नादात ती राहून जाते आणि मग स्कूटरसाठी शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागते.

शेवटी सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, गोल शिक्का आणि खातरजमेसाठी युनिटचा अधिकृत पत्ता. मूळ प्रती दोन घ्या.

युनिट आधीच सुटलं असेल तर तुमच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा: मराठा लाइट इन्फन्ट्री असाल तर बेळगावला, बॉम्बे सॅपर्स असाल तर इथेच खडकीला, तोफखान्याचे असाल तर नाशिक रोड कॅम्पला, आर्मर्डचे असाल तर अहिल्यानगरला, ईएमई असाल तर सिकंदराबादला. सोबत डिस्चार्ज बुकच्या संबंधित पानांची प्रत जोडा. पत्राला उत्तर येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठपुरावा करा. त्यांच्या पत्राला रेकॉर्ड ऑफिसातून उत्तर लवकर येतं.

एक सावधगिरी. फौजी ओळखपत्राची झेरॉक्स काढायला किंवा त्याचा फोटो पाठवायला मनाई आहे, आणि ती योग्य कारणासाठी आहे. अशा फोटोंचा वापर करून जवान असल्याचं भासवून ऑनलाइन फसवणूक झालेली आहे. कुणी एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयडी पाठवा, काम करून देतो’ म्हणाला तर पाठवू नका. ओळखीसाठी आधार, पॅन, पासपोर्ट चालतात. सैनिक असल्याचा पुरावा म्हणून युनिटचं प्रमाणपत्र पुरेसं आहे.

पुण्यात अर्ज

पुण्याचं मुख्य आरटीओ कार्यालय संगम पुलाजवळ आहे, कोड एमएच-१२. पिंपरी-चिंचवडचं कार्यालय मोशीला, कोड एमएच-१४. देहूरोड आणि पिंपरी-चिंचवडच्या बाजूला राहणाऱ्यांना एमएच-१४ सोयीचं. खडकी, कॅम्प, वानवडी, लोहगाव, खडकवासला ही मंडळी एमएच-१२ मध्ये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही लायसन्स कार्यालयात अर्ज करता येतो, तरी घराजवळचं कार्यालय धरा. चकरा त्यालाच कमी लागतात.

१. परिवहनच्या सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडा आणि नवीन ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जात मिलिटरी लायसन्स असलेल्यांसाठीचा पर्याय घ्या. इथे घाईत नेहमीचा, शिकाऊ लायसन्स असलेल्यांचा पर्याय दाबला तर यंत्रणा शिकाऊ लायसन्सचा क्रमांक मागते आणि पुढे सरकत नाही.

२. पत्ता. बदलून आलेल्या जवानाच्या आधारवर गावचा पत्ता असतो आणि राहणं फॅमिली क्वार्टरमध्ये. पत्त्याच्या पुराव्यांच्या यादीत सरकारी कार्यालयाने दिलेली पगाराची स्लिपही आहे. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल तर उत्तम. पुण्यात दोन-तीन वर्षं राहायचं असेल तर आधारचाच पत्ता बदलून घेणं बरं पडतं, कारण पुढच्या प्रत्येक ऑनलाइन सेवेला तोच लागतो.

३. वैद्यकीय. वय चाळीसच्या आत आणि खासगी गाडीचंच लायसन्स हवं असेल तर फॉर्म १ मधलं स्वतःचं घोषणापत्र पुरतं. चाळिशी ओलांडली असेल, किंवा व्यावसायिक वाहनाचं लायसन्स हवं असेल, तर फॉर्म १-अ वर नोंदणीकृत डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. आपलं मेडिकल ‘शेप-वन’, म्हणजे फौजेच्या लेखी पूर्ण तंदुरुस्त, आहे म्हणून हा फॉर्म टळत नाही.

४. फी ऑनलाइन भरा, अपॉइंटमेंट घ्या आणि त्या दिवशी सगळ्या मूळ कागदांसह जा: मिलिटरी लायसन्स, युनिटचं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, निवृत्त असाल तर डिस्चार्ज बुक. फोटो आणि सही तिथेच घेतात. अर्जाची पावती जपून ठेवा.

५. मिलिटरी लायसन्स पाहून ‘तरी टेस्ट द्यावी लागेल’ असं सांगितलं गेलं तर वाद न घालता कलम ९(३) चा उल्लेख करून एक पानी लेखी अर्ज सहायक प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांकडे द्या आणि आवक शिक्का घ्या. तोंडी सांगणं तिथेच विरून जातं, शिक्का मारलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. एवढं करूनही दिवस वाया जाणार असतील आणि सुट्टी संपत आली असेल, तर टेस्ट देऊन टाका. तुम्हाला ती जड नाही.

कार्ड स्पीड पोस्टाने अर्जावरच्या पत्त्यावर येतं. घराला कुलूप असलं की पाकीट परत जातं आणि मग ते आरटीओतून सोडवून आणावं लागतं. सुट्टी संपवून परत जाणार असाल तर घरात कायम माणूस असेल असा पत्ता द्या. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचं लायसन्स कायद्याने ग्राह्य आहे. फोनमध्ये काढलेला कार्डाचा नुसता फोटो मात्र ग्राह्य नाही.

जड वाहनाचं काय?

निवृत्तीनंतर ड्रायव्हरची नोकरी करायची असेल तर खरी मेहनत इथे आहे. मोटरसायकल आणि एलएमव्ही बहुधा सहज मिळतं. व्यावसायिक जड वाहनाच्या बाबतीत कलम ९(३) टेस्ट माफ करतं, पण ९(४) मध्ये मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रमाणपत्राची, म्हणजे फॉर्म ५ ची, वेगळी अट आहे. युनिटच्या एमटी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट जरूर जोडा, पण फॉर्म ५ मागितलाच तर तो आणण्याची तयारी ठेवा. नव्याने जाणाऱ्याला आणखी एक अट आहे: एलएमव्ही लायसन्स हातात येऊन एक वर्ष झाल्याशिवाय ट्रान्सपोर्ट (व्यावसायिक) वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही, आणि वय वीस पूर्ण लागतं. म्हणून ज्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आहे त्यांनी एलएमव्हीचं नागरी लायसन्स आजच काढून ठेवावं. हे एक वर्ष नोकरीतच निघून जाईल आणि डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही जड वाहनासाठी पात्र असाल.

प्रत्येक नोकरीला जड लायसन्स लागतंच असं नाही. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की एलएमव्ही लायसन्सधारक ७५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक हलकं वाहनही चालवू शकतो, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. डिलिव्हरी व्हॅन, छोटा टेम्पो यांत बसतात. पीएमपी किंवा एसटीच्या बससाठी मात्र जड प्रवासी वाहनाचं लायसन्स आणि बॅज हवाच. बॅजसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, तिलाही वेळ धरा.

व्यावसायिक लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते. नोकरी लागली की ही तारीख कॅलेंडरवर लिहा. मुदत संपलेल्या लायसन्सवर पूर्वी तीस दिवसांची सवलत होती, ती २०१९ पासून राहिलेली नाही.

मिलिटरी लायसन्स नसेल तर: सुट्टीचं गणित

पायदळातल्या, क्लार्क किंवा टेक्निकल ट्रेडमधल्या बहुतेकांकडे मिलिटरी लायसन्स नसतं. त्यांचा मार्ग इतरांसारखाच, फरक फक्त सुट्टीचा. शिकाऊ लायसन्स मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते आणि शिकाऊची मुदत सहा महिने. पहिल्या दिवशी शिकाऊ काढलं तरी एका महिन्याच्या सुट्टीत पक्कं होत नाही. अग्निवीराला तर वर्षाला सुट्टीच तीस दिवसांची असते.

उपाय असा. महाराष्ट्रात आधारच्या ओटीपीवर घरबसल्या शिकाऊ लायसन्स काढता येतं. आधारवर महाराष्ट्राचा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. युनिटातून, रविवारी, मोबाइल वापरायची परवानगी असलेल्या जागी बसून परीक्षा द्या. पंधरा प्रश्न, त्यांतले नऊ बरोबर हवेत. कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसा. चौकटीत दुसरा माणूस आला किंवा तुमचा चेहरा हलला की परीक्षा बंद पडते. शिकाऊची फी प्रत्येक वर्गाला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. दुचाकी आणि चारचाकी एकदमच मागा, म्हणजे दुसरी सुट्टी वाचते.

मग वार्षिक सुट्टी शिकाऊच्या तारखेनंतर दीड ते चार महिन्यांत येईल असं पाहा आणि सुट्टी मंजूर झाली त्याच दिवशी टेस्टचा स्लॉट धरा. पुण्यात स्लॉट लवकर भरतात. स्लॉट सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातला घ्या. टेस्टमध्ये नापास झालात तर सात दिवस पुन्हा बसता येत नाही. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबावं लागतं. शेवटच्या आठवड्यात स्लॉट घेणाऱ्याला दुसरी संधी त्या सुट्टीत उरत नाही.

टेस्ट

एमएच-१२ च्या चारचाकीच्या टेस्ट नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होतात, दुचाकीच्या आळंदी रोडला फुलेनगरच्या कार्यालयात. स्लॉटच्या पावतीवर जागा छापलेली असते. तीच खरी धरा आणि अर्धा तास आधी पोहोचा. चारचाकीच्या टेस्टची फी प्रत्येक वर्गाला ३०० रुपये.

ट्रॅकवर सेन्सर आणि कॅमेरे असतात. आठाचा आकार, एच आकारात रिव्हर्स, आणि चढावर थांबून गाडी मागे न सरकवता पुढे काढणं, हे मुख्य भाग. अनुभवी फौजी ड्रायव्हर इथे चुकतो तो कौशल्य कमी असल्यामुळे नाही, सवयीमुळे. युनिटात रिव्हर्स घेताना को-ड्रायव्हर खाली उतरून इशारा करतो, म्हणून आरशांकडे बघायची सवय सुटलेली असते. ट्रॅकवर तुम्ही एकटे असता. दुसरं, ट्रकचं मोठं वळण हाताला बसलेलं असतं, त्यामुळे छोट्या गाडीने आठ काढतानाही बाहेरून वळण घेतलं जातं आणि चाक रेषेला लागतं. तिसरं म्हणजे सीटबेल्ट. गाडी सुरू करण्याआधी तो लागलेला नसेल तर पुढचं सगळं बरोबर केलंत तरी उपयोग नाही. आदल्या दिवशी एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर तासभर फक्त रिव्हर्स आणि हाफ-क्लच करा, तेवढं पुरतं.

दुचाकीला हेल्मेट हवं, आणि टेस्टच्या गाडीचा चालू विमा आणि पीयूसी. टेस्टला आणलेल्या गाडीची पीयूसी संपली म्हणून परत फिरणारे रोज दिसतात.

जुनं लायसन्स

तीस वर्षांच्या आत काढलेलं खासगी लायसन्स आता चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नासमध्ये काढलेलं दहा वर्षं. जवानाची निवृत्ती आणि लायसन्सची मुदत पुष्कळदा एकाच सुमाराला येतात, आणि पेन्शनच्या गडबडीत लायसन्स विसरतं. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरण टेस्टशिवाय होतं. त्यानंतर पुन्हा टेस्ट आणि प्रत्येक वर्षाला हजार रुपये जादा. मुदत संपल्यानंतरच्या त्या वर्षात नूतनीकरणाचा हक्क असतो, गाडी चालवायचा नाही, हे लक्षात असू द्या. नूतनीकरण देशातलं कुठलंही लायसन्स कार्यालय करू शकतं, त्यासाठी मूळ आरटीओला जावं लागत नाही.

अपवाद जुन्या पुस्तकी लायसन्सचा. हाताने लिहिलेल्या लायसन्सची नोंद सारथीवर नसेल तर पुण्यात काहीच करता येत नाही. ती नोंद फक्त लायसन्स देणारं कार्यालयच चढवू शकतं, तेही स्वतःच्या जुन्या रजिस्टरशी ताडून. उधमपूर किंवा दिमापूरचं पुस्तक असेल तर तिथे पोस्टिंगला असलेल्या ओळखीच्या जवानाकडून, प्राधिकारपत्र देऊन, नोंद करून घेणं हा सगळ्यांत जवळचा मार्ग. रजिस्टरच सापडत नाही असं लेखी उत्तर आलं तर नवीन शिकाऊपासून सुरुवात करा. त्यात तीन महिने जातील, पण तुमचं लायसन्स पक्क्या पायावर उभं राहील. ‘सिस्टीममध्ये चढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. खोट्या नोंदीचं लायसन्स अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा तपासते.

जखमी जवानांसाठी

खडकीतलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आणि १९१७ पासून चालू असलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट यांमुळे पुण्यात अपंगत्व आलेले जवान मोठ्या संख्येने आहेत. त्यांना लायसन्स मिळणारच नाही हा गैरसमज अजून ऐकू येतो, तो काढून टाकायला हवा. कायद्यात ‘अनुकूलित वाहन’ असा वेगळा वर्ग आहे. पाय गमावलेल्या माणसासाठी हाताने चालणारा ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर बसवलेली ऑटोमॅटिक गाडी, किंवा बाजूला चाकं लावलेली स्कूटर, ही त्यातली नेहमीची उदाहरणं.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाडीतला बदल आरटीओकडून मंजूर करून आरसी बुकवर नोंदवून घ्या, मग त्याच गाडीवर टेस्ट द्या. उलट केलं, म्हणजे नोंद नसलेल्या बदललेल्या गाडीने टेस्टला गेलं, तर परत पाठवतात. वैद्यकीय फॉर्म १-अ सोबत मिलिटरी मेडिकल बोर्डाची अपंगत्वाच्या टक्केवारीची कागदपत्रं जोडा, आणि डॉक्टरकडून ‘अनुकूलित वाहन चालवण्यास सक्षम’ असे शब्द लिहून घ्या. नुसती टक्केवारी वाचून काउंटरवर नकार मिळू शकतो.

भरतीला निघालेल्या मुलांसाठी

अग्निवीर जनरल ड्युटीच्या जाहिरातीत एक ओळ असते: वैध एलएमव्ही लायसन्स असलेल्यांना ड्रायव्हरच्या गरजेसाठी प्राधान्य. मैदानावर सगळे धावतात, हे कागद थोड्यांकडे असतात. भरतीचं वय साडेसतरापासून सुरू होतं, पण एलएमव्हीचं शिकाऊसुद्धा अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. म्हणून अठराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात शिकाऊ, तीस दिवसांनी टेस्ट. अर्ज भरायच्या वेळी कार्ड हातात हवं, शिकाऊ लायसन्स यात धरत नाहीत. कार्डावर फक्त दुचाकीचा वर्ग आहे की एलएमव्हीपण, हे वाचून घ्या. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच असू दे. भरती झाल्यावर फौज तुम्हाला नव्याने शिकवते आणि नव्याने तपासते, त्यानंतरच मिलिटरी लायसन्स मिळतं. घरचं कार्ड तेव्हाही जपून ठेवा.

अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या जानेवारीच्या सुमारास सुरू झालं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या सुरुवातीस भरतात. त्यांतल्या ज्यांनी गाड्या चालवल्या त्यांनी वर लिहिलेलं युनिटचं प्रमाणपत्र शेवटच्या सहा महिन्यांतच घ्यावं, आणि कौशल्य प्रमाणपत्रात ड्रायव्हिंगचा उल्लेख आहे ना ते तपासावं.

सैन्यात भरती न होता संरक्षणाच्या कामात ड्रायव्हर व्हायचं असेल तर दोन वाटा पुण्यातूनच जातात. सीमा सडक संघटनेची भरती दिघी कॅम्पमधल्या ग्रेफ सेंटरमार्फत होते. तिथल्या ड्रायव्हर मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट पदाला दहावी आणि जड वाहनाचं लायसन्स लागतं. दुसरी, डेपो आणि संस्थांमधली सिव्हिलियन मोटर ड्रायव्हरची पदं. त्यांना जड लायसन्सबरोबर चालवण्याचा अनुभव लेखी दाखवावा लागतो. अनुभवाचं पत्र मालकाच्या लेटरहेडवर, गाडीचा नंबर, वर्ग आणि तारखांसह घ्या. ‘चांगला ड्रायव्हर आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र छाननीत बाजूला पडतं.